घरचं गटिंग मशीन: पुढच्या १४ महिन्यांचा हिशेब

मूल एआयटीएच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, स्पर्धा खेळायला लागलं की कोचिंगची फी, बूट, नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबई आणि संगमनेरमार्गे पुणे अशा फेऱ्या, हे खर्च डोळ्यांसमोर असतात. गटिंगचा, म्हणजे रॅकेटला नव्या तारा ओढून बसवण्याचा, नसतो. दहा वर्षांच्या पोराच्या रॅकेटची जाळी सहा-सहा महिने टिकते, त्यामुळे आई-वडील निर्धास्त राहतात. तेच पोर १३-१४ व्या वर्षी पॉलिएस्टरची तार घालून आठवड्याला दहा तास टॉपस्पिन मारायला लागलं की महिन्याला चार गटिंग लागतात, स्पर्धा असेल तर सहा. आणि तार तुटते ती शुक्रवारी संध्याकाळी, शनिवारी सकाळी परगावी पात्रता फेरी असताना. मग गंगापूर रोडच्या कोर्टाबाहेर गाडीला टेकून उभ्या असलेल्या पालकांत विषय निघतो: घरीच मशीन घेतलं तर?

इथे परीक्षण आहे ते यातल्या सगळ्यात साध्या प्रकाराचं: टेबलावर मावणारं, वजनदांडीचं म्हणजे ड्रॉप-वेट, रॅकेट फक्त दोन टेकूंवर धरणारं आणि ओढलेली तार धरून ठेवणारे दोन सुटे क्लॅम्प (चिमटे) असलेलं. निरनिराळ्या कंपन्या रंग आणि खोका बदलून जवळपास हेच विकतात, म्हणून नावापेक्षा घडण बघा. मत आधीच सांगून टाकतो. ताण सारखा ठेवण्यात हे मशीन दुकानांतल्या हँडल फिरवायच्या क्रँकपेक्षा सरस आहे, क्लॅम्पमध्ये मार खातं आणि वेळ फार घेतं. महिन्याला चारपेक्षा कमी रॅकेटा होत असतील तर याच्या नादी लागू नका.

ओढ कशी बसते ते समजलं की निम्म्या शंका मिटतात. भाजीबाजारातल्या जुन्या काट्यासारखाच प्रकार आहे. दांडीवर पुढे-मागे सरकणारं वजन, दांडीच्या मुळाशी तार पकडणारा ग्रिपर. दांडी आडवी झाली की वजन ज्या खुणेवर आहे तेवढे पाउंड तारेवर येतात. तार सैलावू लागली की दांडी आणखी खाली उतरते आणि ओढ चालूच राहते. वीज नाही, मोटर नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. क्रँकमध्ये ठरलेला ताण आला की कुलूप बसतं आणि त्यानंतर तार जेवढी सैलावेल तेवढा ताण वाया जातो. म्हणूनच दुकानातून ५२ पाउंडांवर गटिंग करून घेणाऱ्या मुलाला घरच्या मशीनवरचं ५२ कडक वाटतं. पहिल्या वेळी दोन पाउंड कमी लावा आणि मुलाला आकडा सांगू नका. आकडा ऐकला की हात नाही, कान खेळायला लागतो.

दांडी पाण्याच्या पातळीत हवी म्हणून काही जण स्पिरिट लेव्हल घेऊन बसतात. एवढं सोवळं नको. दांडी १० अंशांनी तिरकी राहिली तर ५० पाउंडांत पाऊण पाउंडाचा फरक पडतो, तो कोणाच्या हाताला कळत नाही. २० अंशांनी राहिली तर मात्र तीन पाउंड गेले. दांडी फार खाली गेली तर उचलून ढिली तार ग्रिपरवर आणखी गुंडाळा, वरच अडकली तर थोडी तार सोडा. आठ-दहा रॅकेटा झाल्या की किती तार सोडायची ते बोटांना कळतं. दांडी कधीही हातातून सोडून द्यायची नाही. ती धाडकन आदळली की तारेला झटका बसतो आणि ताण त्या एका ठिकाणी जास्त जातो. हाताने उतरवत न्यायची.

खुणांवर मात्र आंधळा विश्वास नको. प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा घ्या. ग्रिपर आणि टेकू यांच्यामध्ये जुन्या तारेने तो बांधा आणि दांडी सोडा. ५० च्या खुणेला काट्यावर २२.७ किलो दिसायला हवेत. एखाद-दुसरा पाउंड इकडे-तिकडे असेल तर मशीन परत पाठवायची गरज नाही. फरक कागदावर लिहून मशीनलाच चिकटवा. मुलाला खऱ्या ५० चं काही पडलेलं नसतं. आजचे ५० आणि पुढच्या महिन्याचे ५० एकच असायला हवेत, एवढंच.

आता टेकू. रॅकेटच्या माथ्याशी आणि गळ्याशी आतल्या बाजूने दोन टेकू बसतात. उभ्या तारा ओढल्या की रॅकेटचं तोंड लांबीला आखडतं आणि रुंदीला फाकतं. आडव्या ओढल्या की पुन्हा जागेवर येतं. सहा टेकूंच्या मशीनमध्ये बाजूचे चार हात हे फाकणं आवरतात, इथे बाजू मोकळ्या आहेत. त्यामुळे तीन पथ्यं पाळायचीच. टेकू घट्ट हवेत, पण फ्रेम कण्हेल इतके नाहीत. उभ्या तारा डावी-उजवी अशा आलटून-पालटून ओढायच्या, एक बाजू दुसरीच्या दोनपेक्षा जास्त तारा पुढे जाता कामा नये. आणि फक्त उभ्या ओढून मशीन सोडून जेवायला उठायचं नाही. अर्धी ओढलेली रॅकेट उतरवणं तर बिलकुल नाही. नव्या ग्रॅफाइट फ्रेमला दोन टेकू पुरतात. माथ्याशी किंवा तोंडाच्या दोन्ही बाजूंना केसासारखी चीर असलेल्या जुन्या फ्रेमवर हा प्रयोग करू नका, ती मशीनवरच मोडेल.

या मशीनचा खरा कमकुवतपणा सुट्या क्लॅम्पमध्ये आहे. पक्का क्लॅम्प मशीनच्या पाटावर उभा असतो. सुटा क्लॅम्प शेजारच्या तारेला धरून लटकतो, त्यामुळे ग्रिपर सोडला की तो दोन-चार मिलिमीटर मागे खेचला जातो आणि तेवढा ताण गेला. कडेच्या उभ्या तारांमध्ये अंतर जास्त, तिथे तो तिरकाही होतो. उपाय साधा आहे: क्लॅम्प फ्रेमच्या जितका जवळ लावता येईल तितका लावा आणि प्रत्येक वेळी त्याच अंतरावर लावा. क्लॅम्पचा स्क्रू तार सरकणार नाही इतकाच आवळा. त्यापुढे आवळला तर पॉलिएस्टरवर चपटा पांढरट डाग पडतो आणि तार तिथूनच तुटते. तार सरकत असेल तर लगेच स्क्रू आवळू नका, आधी क्लॅम्पचे दात स्पिरिटने पुसा. दहापैकी आठ वेळा दोष तारेवरून निघालेल्या मेणकट थराचा असतो. सोबत एक स्टार्टिंग क्लॅम्प वेगळा विकत घ्याच. पहिल्या ओढीला सगळा भार एका सुट्या क्लॅम्पवर येतो, तेव्हा फ्रेमच्या बाहेरून स्टार्टिंग क्लॅम्पचा पहारा असला की मधली तार निसटत नाही. खोक्यात तो बहुधा नसतो. खोक्यातली पक्कडही टाकाऊ असते. नाकाडी पक्कड आणि कटर चांगल्या हार्डवेअरच्या दुकानातून वेगळे आणा.

पहिल्या रॅकेटला अडीच-तीन तास धरा. घाई असेल तर सुरूच करू नका. जुनी तार कापण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. उभ्या तारा काही भोकं सोडून जातात, ती कोणती आणि गाठी कुठे आहेत ते प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. हा फोटो नसेल तर रात्री अकरा वाजता आठव्या तारेला भोक चुकल्याचं कळतं. कापताना मधून सुरुवात करून तिरकं बाहेर जा, सगळ्या उभ्या आधी कापून आडव्या तशाच ताठ ठेवायच्या नाहीत. मग ग्रॉमेट, म्हणजे तारेच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या, बघा. प्लास्टिकची नळी चिरली असेल तर ग्रॅफाइटची धार थेट तारेवर येते आणि नवं गटिंग दोन दिवसांत माथ्याशी तुटतं. पालक तारेला शिव्या घालतात आणि नळी तशीच राहते. त्याच मॉडेलची ग्रॉमेट पट्टी मिळाली नाही तर त्या भोकापुरती टेफ्लॉनची बारीक नळी घालूनही भागतं.

१०० चौरस इंच तोंडाची, १६ बाय १९ ची (१६ उभ्या, १९ आडव्या तारांची) रॅकेट असेल तर साधारण १२ मीटर तार लागते. एकच लांब तार वापरण्यापेक्षा दोन तुकडे करा: उभ्यांना सव्वासहा मीटर, आडव्यांना पावणेसहा. कारण असं. १६ उभ्या म्हणजे एका बाजूला आठ. सुरुवात गळ्यापासून केली तर आठवी तार परत गळ्याशीच येऊन संपते. आडव्या मात्र माथ्याकडून गळ्याकडे आणायच्या असतात, तेव्हा त्यांना वेगळा तुकडा बरा. दोन तुकड्यांच्या चार गाठी होतात. गाठ हाताने किंवा पक्कडने आवळा, ग्रिपरला लावून दांडीने ओढली तर ती ग्रॉमेटमध्ये घुसते आणि पुढच्या वेळी आरीने उकरून काढावी लागते. आरीवरून आठवलं: एकाच भोकातून दोन तारा जातात तिथे वाट करायला मोच्याची टोकदार आरी चालत नाही. टोक बोथट हवं, नाहीतर आतल्या तारेला ओरखडा जातो आणि ती पुढे केव्हातरी आपोआप तुटते.

आडव्या विणणं हेच खरं काम. येवल्यात हातमागावर ताणा-बाणा बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको: एक वर, एक खाली, आणि पुढच्या ओळीत उलट. एक आडवी ओढायच्या आधी तिच्या पुढची विणून ठेवायची, म्हणजे विणताना खालची तार ढिली मिळते. तार खेचताना सरळ सुसाट खेचू नका. पॉलिएस्टर पॉलिएस्टरवर घासून तापतं आणि उभ्या तारेला खाच पडते. तार हलवत, कमान करत आणा. चुकीचं विणणं हमखास कळतं, पण चार ओळी पुढे गेल्यावर. तेव्हा "चालून जाईल" म्हणायचं नाही, मागे जाऊन सोडवायचं. १६ उभ्या आणि १९ आडव्या, म्हणजे ३५ ओढी. ओढीला एक मिनिट धरलं तरी ३५ मिनिटं झाली, आणि विणण्याचा वेळ वेगळा. वीसेक रॅकेटांनंतर तासाभरात काम व्हायला लागतं. त्याहून कमी वेळ या मशीनवर क्वचितच लागतो.

तार कोणती, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढंच सांगतो की बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना पूर्ण पॉलिएस्टर घालू नका, मोठ्या खेळाडूंच्या रॅकेटवर काळी किंवा पिवळी तार दिसते म्हणून तर नाहीच. त्या वयात हातात तेवढा वेग नसतो, तार वाकत नाही आणि झटका कोपराला जातो. सिंथेटिक गट किंवा मल्टिफिलामेंट या मऊ तारा घाला. पॉलिएस्टर घालायचं तर ४६ ते ५० पाउंडांत ठेवा आणि न तुटताही कापून टाका. १०-१५ तास खेळून झाले की ती मेलेली असते, चेंडू कुठेही उडतो आणि मुलगा आपला फोरहँड बिघडला म्हणून रडतो. घरी मशीन असण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे: न तुटलेली जाळी कापायला जीव होतो. दुकानात मजुरी मोजणारा बाप ती तुटेपर्यंत ओढत नेतो.

नाशिकच्या हवेचाही विचार करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला पारा दहाच्या आसपास असतो, चेंडू उसळत नाही आणि तार काठीसारखी लागते. तेव्हा एक-दोन पाउंड उतरवा. एप्रिल-मेमध्ये रॅकेट बॅग गाडीच्या डिकीत राहिली की नवं गटिंग एका दुपारीत ढिलं पडतं, म्हणून स्पर्धेच्या रॅकेटा गाडीत ठेवायच्याच नाहीत. पावसाळ्यात उघडी कोर्टं बंद असतात, मशीन धूळ खातं. दांडीला आणि क्लॅम्पच्या स्क्रूला मशीन तेलाचं बोट फिरवून ठेवा, ग्रिपरच्या दातांना मात्र तेल लागू देऊ नका. एखादा स्क्रू किंवा पिन गेली तर परदेशी सुट्या भागाची वाट बघायची गरज नाही. हे सगळं साधं लेथचं काम आहे आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या गावात तर ते अडायलाच नको.

आता पैसे. दर बदलतात, म्हणून रीत सांगतो. समजा कस्टम आणि कुरियर धरून मशीन २५,००० ला पडलं आणि दुकानातली मजुरी, तार सोडून, ३०० रुपये आहे. २५,००० भागिले ३०० म्हणजे ८४ रॅकेटा. महिन्याला सहा झाल्या तर १४ महिने. तार सुट्या पाकिटांऐवजी २०० मीटरच्या रीळात घेतली तर एका रीळात १६ रॅकेटा होतात आणि हा काळ आणखी कमी होतो. तुमचे आकडे घालून बघा. जो महिन्यांचा आकडा येईल, तेवढाच प्रश्न घरात विचारायचा: मूल एवढे महिने याच जोरात खेळणार आहे का? मूल व्यावसायिक खेळाडू होणार का, याचं उत्तर कोचला, ज्योतिषाला किंवा तुम्हाला देता येत नाही. १४ महिन्यांचं देता येतं. मुलगी नववीत असेल तर पुढे दहावी आहे, अकरावीपासून क्लासचं वेळापत्रक आहे, हे कॅलेंडरवर दिसतंच.

स्वप्न लांबचं असेल तर गटिंग हा त्यातला किरकोळ खर्च नाही, हेही लक्षात घ्या. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या आकड्यांवर केलेल्या पाहणीत कोचचा खर्च सोडून एका पुरुष खेळाडूचा वर्षाचा खर्च सरासरी ३८,८०० डॉलर निघाला होता, महिला खेळाडूचा ४०,१८० डॉलर. त्यात विमान, हॉटेल, जेवण यांच्या बरोबरीने गटिंगही मोजलेलं होतं. जमा-खर्चाची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या क्रमांकाच्या आसपास होत होती. पुरुषांच्या सगळ्यात खालच्या एम १५ स्पर्धेत, म्हणजे एकूण १५,००० डॉलर बक्षिसाच्या, २०२३ मध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरलं की १५६ डॉलर मिळत, जिंकणाऱ्याला २,१६०. सुमित नागलने २०२३ मध्ये आपल्या खात्यात ९०० युरो उरल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं, आणि तेव्हा तो देशाचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू होता. पुढच्याच वर्षी तो ६८ व्या क्रमांकापर्यंत गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आपल्या सोयीची एकच उचलू नका. या पातळीवर बॅगेत छोटं मशीन घेऊन फिरणारे आणि हॉटेलच्या खोलीत स्वतःच गटिंग करणारे खेळाडू असतात. म्हणून मशीन आलंच तर ते बापाने चालवायचं नाही. १४ वर्षांच्या मुलाला शिकवा. स्वतः ३५ ओढी घातल्या की रॅकेट जमिनीवर आपटणं आपसूक कमी होतं, हा फायदा जाहिरातीत लिहिलेला नसतो.

खेळ सुटला तर? दहावी-बारावीच्या आसपास बहुतेकांचा सुटतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. टेनिसवर केलेल्या बाकीच्या खर्चातलं काही परत येत नाही, मशीन मात्र येऊ शकतं. कोर्टावर सकाळी डबल्स खेळणाऱ्या काकांच्या रॅकेटा असतात, त्यांना वेळेची घाई नसते आणि त्यांची जाळी ४८ आहे की ५० यावर वादही होत नाही. खरं काम मात्र बॅडमिंटनमध्ये आहे, आणि इथेच दोन टेकूंचं मशीन उघडं पडतं. बॅडमिंटनची तार ०.६५ ते ०.७० मिलिमीटरची, ताण २२ ते २८ पाउंड आणि फ्रेम नाजूक. दोन टेकूंवर ती वेडीवाकडी होते, कधी मोडतेही. टेनिसच्या क्लॅम्पमध्ये एवढी बारीक तार धड बसत नाही. म्हणून आज मशीन घेतानाच पुढे खेळ सुटला तर काय, याचा विचार करून थोडे जास्त पैसे घाला आणि सहा टेकूंचं, पक्क्या क्लॅम्पचं, बॅडमिंटनचे अडॅप्टर असलेलं वजनदांडीचंच मशीन घ्या. दोन टेकूंचं मशीन फक्त अशा घरासाठी, जिथे वर्ष-दीड वर्ष टेनिसच होणार आहे आणि जास्तीचे पैसे स्पर्धांच्या प्रवासाला हवे आहेत.

वापरलेलं मशीन विकत घेत असाल तर चार गोष्टी तपासा. दांडी सरळ आहे का, ग्रिपर ५० पाउंडांवर तार दोन मिनिटं न सरकता धरतो का, दोन्ही क्लॅम्पचे दात झिजलेत का, आणि मूळ वजन सोबत आहे का. कोणीतरी जिममधलं वजन लटकवून दिलं असेल तर खुणांना काही अर्थ उरत नाही. विकत असाल तर वजन आणि दांडी वेगळ्या खोक्यांत बांधा. एकत्र बांधली तर वजन पुठ्ठा फाडून कुरियरच्या गाडीत कुठेतरी उतरतं आणि समोरच्याच्या हाती नुसता पाट आणि दांडी येते.